वहीत बरोबर, तोंडात गडबड: इंग्रजीचा भविष्यकाळ बोलताना अडकतो तेव्हा काय काय तपासायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत एका स्टेशनरी दुकानाच्या माडीवर मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. सोळा वर्षं झाली. दर बॅचला एक बिघाड हमखास येतो, आणि घेऊन येणाऱ्याला वाटतं की तो आपल्या एकट्यालाच आहे. वहीत भविष्यकाळ चोख असतो. रिकाम्या जागा भरा, नकारार्थी करा, प्रश्नार्थी करा, सगळं बरोबर. पण समोरचा बोलायला लागला की त्याच्या बोलण्यातला भविष्यकाळ ऐकूच येत नाही, आणि स्वतः बोलायची वेळ आली की "आय ॲम विल कमिंग" असलं काहीतरी बाहेर पडतं.

खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे जातो. मधल्या पायऱ्या गाळू नका. बहुतेकांचं काम पहिल्या तीन तपासण्यांतच होतं, आणि लोक नेमक्या त्याच सोडून जाडजूड व्याकरणाचं पुस्तक विकत घेतात. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत, कानाला लागतात तशी लिहिली आहेत. स्पेलिंग डोळ्यांसमोर असलं की कान आळशी होतो.

आधी लक्षणं

- कोणी "पुढे करीन" अशा अर्थानं बोललं तरी तुम्हाला "रोज करतो" असं ऐकू येतं.
- "वोन्ट" आणि "वॉन्ट" एकच शब्द वाटतो.
- तुम्ही साधं "आय विल टेल हिम" म्हणता आणि समोरचा विचारतो, चिडलात काय?
- "आय विल गोइंग", "आय ॲम विल गो".
- कोणी पटकन काम सांगितलं की तोंडातून "आय डू, आय डू" निघतं.
- "व्हेन आय विल रीच, आय विल कॉल."
- आणि हे सगळं होऊनही लेखी परीक्षेत चुका जवळजवळ नाहीत.

शेवटचं लक्षण नीट तपासा. लेखीतही चुका होत असतील तर हा लेख तूर्त बाजूला ठेवा. आठवी-नववीच्या पुस्तकातला भविष्यकाळाचा धडा चार दिवस गिरवा आणि मग इकडे या. खालची दुरुस्ती "येतं पण वेळेला सुचत नाही" या बिघाडाची आहे.

पहिली तपासणी: बिघाड कानात की तोंडात?

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये इंग्रजी वाक्य टाकलं की स्पीकरची खूण दाबून ते ऐकता येतं. घरातल्या कोणाला तरी वीस वाक्यं टाकायला सांगा. काही "आय टेक द बस" अशी, काही "आइल टेक द बस" अशी, क्रम उलटसुलट. तुम्ही फोनकडे पाठ फिरवून बसायचं आणि प्रत्येक वाक्याला फक्त "रोज" किंवा "पुढे" एवढंच म्हणायचं.

वीसपैकी सतरा-अठरा बरोबर आली तर कान ठीक, बिघाड तोंडात. दहा-बारा आली तर खूश होऊ नका. दोनच पर्याय असताना छापा-काटा करूनही वीसातली दहा बरोबर येतात. म्हणजे तुम्हाला काहीच ऐकू आलेलं नाही, तुम्ही अंदाज मारलाय.

ही तपासणी आधी का, तर दोन्ही दुरुस्त्या वेगळ्या आहेत. कानाला फरक कळत नसेल तर तोंडाचा सराव पाण्यात जातो, कारण आपलं चुकलं हे आपल्यालाच कळत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण "मला बोलता येत नाही" म्हणून येतात आणि चाचणीत अडकतात ते कानावर. घरच्या माणसाने स्वतः वाक्यं वाचू नयेत, एवढं सांभाळा. आपली माणसं प्रेमापोटी "आय... विल... टेक" असं तोडून वाचतात.

दुसरी तपासणी: फाइल, व्हील, हील, टूल, मेल

बोलण्यातल्या इंग्रजीत "विल" हा शब्द म्हणून फार वेळा येतच नाही. तो आधीच्या शब्दाला "ल" होऊन चिकटतो. आपण सबंध "विल"ची वाट बघत बसतो आणि तेवढ्यात वाक्य निघून जातं. "वी विल" तर बोलण्याच्या ओघात आखडून नुसतं "विल" होतं. "विल कॉल यू" असं ऐकू आल्यावर विद्यार्थी विचारतो, मॅडम, कर्ता कुठं गेला? कर्ता तिथंच आहे, "विल"च्या पोटात. "इट विल"चं "इट्ल" होतं आणि अमेरिकन माणसाच्या तोंडी ते जवळजवळ "इडल". इडलीतली वेलांटी काढा, झालं.

तोंड बसवायला कोल्हापूरकराला नवं काही शिकावं लागत नाही. "फाइल" म्हणा. "फ" काढा. राहिलं ते "आइल", हाच "आय विल"चा खरा उच्चार. "व्हील" म्हणजे "वी विल". चपलेची "हील" म्हणजे "ही विल". "टूल"मधला "ट" काढून "य" लावा, "यूल" म्हणजे "यू विल". "मेल"च्या चालीवर "देल" म्हणजे "दे विल". एमआयडीसीतली मुलं हे एका दिवसात उचलतात, कारण व्हील आणि टूल त्यांच्या तोंडात दिवसभर असतंच. "आय विल" जोरजोरात घोकून ते आपोआप लहान होईल अशी वाट बघू नका. होत नाही. सुरुवातच लहान रूपानं करा: "आइल कॉल, वील सी, देल कम." रोज पाच मिनिटं, आठवडाभर.

आता जोराचं. लहान रूपात जोर पुढच्या क्रियापदावर पडतो. सबंध "विल" म्हणून त्याच्यावरच जोर दिला की वाक्य शपथ किंवा धमकी होऊन बसतं. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असलेली माझी विद्यार्थिनी पाहुण्याला अगदी नम्रपणे म्हणाली होती, "आय विल कॉल द मॅनेजर." पाहुण्याला ऐकू आलं, "थांब, बोलावतेच मॅनेजरला!" तो म्हणाला, मी भांडतोय कुठं? ती रडवेली होऊन वर्गात आली. एका शब्दाचा जोर उतरवला, बाकी वाक्याला हातही लावला नाही.

तिसरी तपासणी: कोट आणि कॉट

यात पैसा बुडतो म्हणून इथे जरा थांबते.

शिरोलीला मशीन शॉपमध्ये काम करणारा एक जण होता. परदेशी गिऱ्हाईकाशी फोनवर बोलायचं काम नवीनच त्याच्याकडे आलेलं. तिकडून वाक्य आलं, "वी वोन्ट नीड द सेकंड लॉट." याला ऐकू आलं "वॉन्ट" आणि "नीड". दोन्ही शब्द पाहिजे-पाहिजे म्हणणारे, मग शंका कशाला घ्यायची? दुसऱ्या लॉटचं कास्टिंग मशीनवर चढलं. दोन दिवसांनी ईमेल आला तेव्हा निम्मा लॉट होऊन पडला होता. मालक भला, शिव्या देऊन सोडून दिलं. तो वर्गात आला तो वहीत ते एकच वाक्य लिहून. म्हणाला, "मॅडम, एवढं एक शिकवा, बाकी इंग्रजी ऱ्हाऊ दे."

"वोन्ट" म्हणजे "विल नॉट", "वॉन्ट" म्हणजे "पाहिजे". फरक शेवटच्या "ट"मध्ये नाही. "ट" दोन्हीकडे आहे, आणि पुढे "नीड"सारखा शब्द आला की तो गिळलाच जातो, "वोन नीड" एवढंच उरतं. फरक आहे ओ आणि ऑ मध्ये. हे दोन्ही स्वर मराठी माणूस रोज अचूक म्हणतो: अंगात घालायचा कोट आणि झोपायची कॉट. कोटाची गल्लत कॉटशी कोणी करत नाही. मग "कोट, वोन्ट" आणि "कॉट, वॉन्ट" अशा जोड्या म्हणायच्या. ओ म्हणताना ओठ गोल होऊन पुढे येतात, ऑ म्हणताना जबडा खाली पडतो. आरशात बघून करा, लाजू नका.

ऐकताना दुसरी एक खूण आहे. "आइल", "वील" यांच्यावर जोर नसतो. "वोन्ट"वर मात्र जोर असतो, तो ठसठशीत येतो. क्रियापदाच्या आधी काहीतरी जड वाजलं की समजायचं, नकार असणार.

आणि फोनवर शंका आलीच तर "पार्डन?" म्हणू नका, समोरचा तेच वाक्य त्याच वेगानं परत म्हणतो. आपण उलटून विचारायचं, आणि तेही "वोन्ट"शिवाय: "सो, नो सेकंड लॉट. करेक्ट?" त्या पठ्ठ्याने हे वाक्य मशीनच्या पॅनेलवर चिकटवून ठेवलंय.

चौथी: दोन सहायक क्रियापदं एका जागी

हिला फार वेळ नको. "जाणार आहे" हे मराठीत दोन शब्दांचं आहे, म्हणून इंग्रजीतही दोन तुकडे जोडायचा मोह होतो: "ॲम विल गो", "विल गोइंग". "विल" किंवा त्याचा आखडलेला "इल" आला की पुढे क्रियापद नागडं, त्याला शेपूट नाही, आणि मागे "ॲम" नाही. "गोइंग टु" वापरायचं तर "ॲम" पाहिजे आणि "विल" नको. बोलताना एका हाताचं एकच बोट वर करा, एका वाक्याला एकच सहायक. हसू येतं, पण दोन-तीन दिवसांत जीभ ताळ्यावर येते.

पाचवी तपासणी: मराठीतून नक्की काय उचलताय?

इथे खरं घबाड आहे. शाळेचं कोष्टक सांगतं की "येईन" म्हणजे "विल कम". बरं, पण दिवसभरात "येईन" म्हणता किती वेळा? एका बॅचला मी हेच मोजायला लावलं. घरी जा, जेवणं होईपर्यंत घरातले लोक पुढच्या गोष्टींबद्दल जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या उघडल्या तर "-ईन"वाली वाक्यं जेमतेम. बाकी सगळं असलं: "आलो आलो!" "देतो की." "उद्या पुण्याला निघालोय." "पोचलो की फोन करतो." "आभाळ बघ, पाऊस येणार." "दूधवाला असंल." "गाडी चालू व्हईना."

यात भूतकाळ आहे, वर्तमानकाळ आहे, आणि अर्थ मात्र सगळीकडे पुढचा किंवा अंदाजाचा. कोष्टकातून वाक्य काढणाऱ्याची इथेच दांडी उडते. मग एकेक घेऊ.

खालून हाक आली आणि आपण ओरडलो "आलो आलो!", तर रूप भूतकाळाचं, पाय अजून खाटेवर. इंग्रजीत "आय केम" म्हणालात तर माणूस दाराकडे बघेल. तिथे "कमिंग!" म्हणायचं. निरोप घेताना आपण "येतो" म्हणतो, कारण "जातो" म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. "आय कम" म्हणून चपला घालणारा पाहुणा इंग्रजाला कोड्यात टाकतो. "आइल बी ऑफ" म्हणा आणि निघा.

"देतो की", "करतो की", "बघतो" यांत सर्वात जास्त माणसं पडतात. कोणीतरी काम सांगितलं, आपण तत्क्षणी ठरवलं आणि हो म्हटलं. मराठीत त्याला वर्तमानकाळ लागतो. इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ मात्र सवयीचा असतो. "आय पे द बिल" म्हणजे बिल नेहमी मीच भरतो, म्हणजे गाऱ्हाणं. मिसळ खाऊन झाल्यावर "मी देतो, थांब" म्हणायचं असेल तर "आइल पे". आत्ता, उभ्या उभ्या घेतलेला निर्णय म्हटला की "इल". "चहा टाकू काय?" हे "शॅल आय मेक सम टी?", तिथे फार डोकं लावायला नको.

"उद्या पुण्याला निघालोय", "परवा डॉक्टरांना भेटतोय". ठरलंय, तिकीट काढलंय, वेळ घेतलीय. इंग्रजीतही अशा ठिकाणी चालू वर्तमानकाळच बसतो: "आयम लीव्हिंग टुमॉरो." आपल्याकडचं "जायलोय", "करायलोय" या कामाला फार उपयोगी आहे. कोल्हापुरी माणसाच्या तोंडात चालू वर्तमानकाळ आधीपासून पक्का बसलेला असतो.

"येणार" आणि "येईल" यांतला फरक आपल्याला उपजत कळतो, तोच "गोइंग टु" आणि "विल"ला लावा. पंचगंगेचं बघा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आलंय, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, पाऊस थांबायचं नाव नाही. अशा वेळी कोणी "पाणी वाढेल बहुतेक" म्हणत नाही, "वाढणार!" म्हणतो. डोळ्यांसमोर पुरावा आहे. "इट्स गोइंग टु क्रॉस फॉर्टी-थ्री." ४३ फूट ही धोक्याची पातळी. आणि मे महिन्यात कट्ट्यावर बसून "यंदा पाऊस बरा होईल" म्हटलं तर तो नुसता अंदाज: "आय थिंक इट्ल बी अ गुड मान्सून." २०१९चं पाणी बघितलेल्याला हा फरक दोनदा सांगावा लागत नाही.

"दूधवाला असंल" हे तर दोन्ही भाषांत सारखंच चालतं. दार वाजलं, कोण आहे दिसत नाही, अंदाज आत्ताचाच आहे, तरी मराठीत "असेल" आणि इंग्रजीत "दॅट्ल बी द मिल्कमन". तसंच "गाडी चालू होईना" म्हणजे "द बाइक वोन्ट स्टार्ट". दार उघडंना, पोरगं ऐकंना, झाकण निघंना, सगळीकडे "वोन्ट". ही जोडी सापडली की मुलांचे डोळे चमकतात, कारण हे कुठल्या कोष्टकात नव्हतं.

याचं कारणही सांगून टाकते. मराठी क्रियापदाला भविष्याचं स्वतःचं रूप आहे: जाईन, जाशील, जाईल. इंग्रजी क्रियापदाला तसं रूपच नाही, त्याला वर्तमान आणि भूत एवढंच. म्हणून इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच असं म्हणणारे व्याकरणकार आहेत. "विल"चा मुळातला अर्थ इच्छा. काळ दाखवायचं काम तो मागून करायला लागला, आणि अजूनही त्यात इच्छा, अंदाज, हट्ट मिसळलेले असतात. काळ शोधत बसाल तर अडकाल. ठरलंय, दिसतंय, आत्ता ठरवलं की नुसतं वाटतंय, एवढं विचारा.

जाता जाता: कोल्हापुरात आम्ही बायकाही "मी येतो", "मी करतो" म्हणतो. माझी पुण्याची जाऊ अजून हसते. इंग्रजी क्रियापदाला लिंगच नाही, त्यामुळे तिथे आमचं काही अडत नाही.

सहावी: "व्हेन आय विल रीच"

"जेव्हा मी पोचेन, तेव्हा मी फोन करीन" हे वाक्य घरात कोणी म्हणतं काय? आपण "पोचलो की फोन करतो" म्हणतो. "पाऊस आला तर नाही येणार." जेव्हा-जरच्या बाजूला मराठी बोलणाराही भविष्यकाळ टाळतो. इंग्रजीही टाळते: "व्हेन आय रीच, आइल कॉल." चूक पुस्तकी मराठीतून येते. बोलीतलं वाक्य मनात धरा, चूक बहुतेक आपोआप सुटते.

सातवी तपासणी: बाहेरच्या आवाजावर कान घासा

इथून पुढेही फुकटच आहे, पण रोज पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधीच्या तपासण्या झाल्याशिवाय इकडे येऊ नका, नाहीतर तासन् तास ऐकूनही काही हाती लागत नाही. नुसतं कानावर पडून भाषा येत असती तर महाद्वार रोडवरच्या प्रत्येक दुकानदाराला कन्नड लिहिता आलं असतं.

रेल्वे स्टेशनपासून सुरुवात करा. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या वेळेला कोणाला सोडायला जाल तेव्हा घोषणा ऐका. मराठीत अर्थ आधीच कळलेला असतो, म्हणून इंग्रजी घोषणेच्या वेळी कान फक्त रूपाकडे देता येतो: "इज अरायव्हिंग शॉर्टली ऑन प्लॅटफॉर्म नंबर..." गाडी अजून आली नाही, तरी "विल" नाही. पाचव्या तपासणीतलं "निघालोय" आठवलं ना? हवामान खात्याच्या इंग्रजी बातमीत आणखी वेगळं: "हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली." तिथेही "विल" शोधत बसाल तर पाऊस येऊन जाईल. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री पुराव्याच्या "गोइंग टु"साठी उत्तम. चेंडू हवेत असताना निवेदक बोलतो ते ऐका, डोळ्यांसमोरच्या गोष्टीवरून पुढचं सांगणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

"गोइंग टु" भरभर बोलण्यात "गना" होतं. हे फक्त क्रियापदाच्या आधी: "आयम गना कॉल हिम." गावाच्या आधी नाही. "आयम गना पुणे" असं कोणी म्हणत नाही, तिथे "गोइंग टु पुणे" पूर्णच राहतं. आणि तुम्ही स्वतः "गना" म्हणायची घाई करू नका. ऐकू आलं तर कळावं, एवढ्यापुरतं ते ठेवा. इंटरव्ह्यूला तर मुळीच नको.

रोजच्या सरावाला बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सिक्स मिनिट इंग्लिश हा कार्यक्रम मी देते. फुकट आहे, लहान आहे, आणि बोललेलं सगळं लिहून दिलेलं असतं. पद्धत अशी: पंधरा सेकंदांचा तुकडा घ्या, लिहिलेलं न बघता तीनदा ऐका, आणि त्यात पुढचं काही आहे का एवढंच कागदावर टिपा. मग लिहिलेलं उघडा. निसटलेल्या जागेला खूण करा आणि तेवढंच परत ऐका. मग निवेदकाच्या अर्धा सेकंद मागून, त्याच्याच चालीत बोला, कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागून उचलतात तसं. फोनवर स्वतःचा आवाज घ्या आणि दोन्ही ऐका. फार भरभर वाटलं तर यूट्यूबवर वेग ०.७५ करा. त्याच्या खाली नको, अर्ध्या वेगाला "इल" रबरासारखा ताणला जातो आणि मग तो खऱ्या बोलण्यात ओळखूच येत नाही.

आपला आवाज ऐकायला कोणालाच आवडत नाही. पहिले चार दिवस मलाही आवडला नव्हता.

आठवी, सर्वात अवघड: जिवंत माणूस

जोडीदार शोधा. रंकाळ्याला चक्कर मारताना एकाने अस्सल कोल्हापुरीत वाक्य टाकायचं, दुसऱ्याने दोन सेकंदांत इंग्रजीत. "सोडतो तुला स्टँडवर." "आइल ड्रॉप यू ॲट द स्टँड." दोनच सेकंद का, तर त्याहून जास्त वेळ दिला की डोकं परत कोष्टक काढून बसतं.

जोडीदाराला फिरायला वेळ नसेल तर रात्री एकमेकांना अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा: उद्या काय ठरलंय, काय करायचा विचार आहे, काय होईल असं वाटतंय. लिहून वाचायचं नाही. दुसऱ्या रात्री आधी कालचा स्वतःचा मेसेज ऐकायचा, त्यातल्या किती गोष्टी झाल्या ते सांगायचं, मग नवा. आधीचा मेसेज ऐकताना आपल्या चुका आपल्याच कानाला टोचायला लागतात, आणि त्या टोचल्या म्हणजे पहिल्या तपासणीतला कान तयार झाला. माझ्याकडे नियमित करणाऱ्यांना इथवर यायला तीन ते सहा आठवडे लागतात. शनिवार-रविवारीच करणाऱ्यांचं काही सांगता येत नाही.

महिन्याने पहिली वीस वाक्यांची चाचणी परत घ्या, वाक्यं बदलून.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

परदेशी जायची परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत महिन्याच्या आत आली असेल तर घरगुती दुरुस्ती थांबवा आणि शिक्षकाला पैसे द्या. आयेल्ट्सच्या ऐकण्याच्या भागात ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं आणि बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. तिथे प्रश्नांचा साचा माहीत असलेला माणूस लागतो, आणि तुमच्या चुका तुमच्या देखत पकडणारा लागतो.

पैशाचा, तारखेचा, मालाचा व्यवहार फोनवर ठरत असेल तर कानावर भिस्त ठेवू नका, कान कितीही तयार असो. "प्लीज सेंड इट बाय मेल" म्हणा आणि लेखी आल्याशिवाय मशीन चालू करू नका.

शब्द तोंडात अडकतात ते मराठीतही अडकत असतील, पहिलंच अक्षर तीनतीनदा येत असेल, तर ते माझ्या किंवा कुठल्याही इंग्रजी वर्गाचं काम नाही. वाचा उपचार तज्ज्ञाकडे जा. "जोरात वाच, जातंय" असं सांगणाऱ्या शिक्षकापासून लांब राहा.

आणि कानाचं. महिनाभर मन लावून केलं तरी वीसातली दहाच बरोबर येत असतील, शिवाय घरात टीव्हीचा आवाज तुम्हीच वाढवत असाल, गर्दीत मराठीतही "काय?" विचारायला लागत असेल, तर सराव बंद करा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवण चाचणी करून घ्या. फाउंड्री, प्रेस शॉप, ग्राइंडिंग इथे वर्षं काढलेल्यांनी तर आधीच करावी. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच पट्टीचे बारीक आवाज जातात, आणि स, ट, फ यांची धार त्यातच असते. माणसाला वाटतं, ऐकू येतंय पण कळत नाहीय. तो दोष इंग्रजीला देतो.

मशीन शॉपवाल्याचा थोरला भाऊही नंतर माझ्याकडे आला, वीस वर्षं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला, काढलेला. कोट आणि कॉट त्याला आरशात बघून म्हणता यायचं, पण मी तोंडावर वही धरून म्हटलं की दहातलं पाचच ओळखायचा. पंधरा दिवसांनी मी फी परत केली आणि चाचणीला पाठवलं. दोन्ही कानांचा आलेख उजवीकडे, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या बाजूला, घसरलेला निघाला. आता कामावर कानात प्लग घालतो, वर्गात पहिल्या बाकावर बसतो आणि मला सांगून ठेवलंय, "मॅडम, बोलताना वही खाली घ्या."